आठ बादल्या गॅस

लोकांनी दोघांना खड्ड्यातून वर ओढलं तेव्हा एकाची छाती हलत होती, दुसऱ्याची नाही. दोघे सख्खे भाऊ, मार्बल कापायच्या कारखान्यातले मजूर. थोरल्याची बायको रिकामा डबा घेऊन तिथेच उभी होती आणि चार माणसं "जहर दिया है इसने" म्हणत तिला मारत होती. मी तिला त्यांच्यातून ओढून जीपमध्ये बसवलं. ती एकच विचारत राहिली, "कौन सा बचा?"

"मैं पूछूँगी, तू बताएगी," मी म्हटलं.

मयूर विहारच्या सोसायट्या तेव्हा उभ्या राहत होत्या. त्यांच्या फरश्या या कारखान्यातून जायच्या. मी हवालदार होते, चौथी पास. ठाण्यात बाई मी एकटीच, म्हणून बायकांची चौकशी माझ्याकडे.

संशयाला जागा होती. दुपारी तिने डबा आणला, दोघे जेवले, परत कामाला खड्ड्यात उतरले आणि पडले. आदल्या दिवशी तिचं नवऱ्याशी भांडण झालेलं. शिवाय डबा तिने लगेच नळावर घासून ठेवला होता. घासलेला डबा पोलिसाला आवडत नाही. कोर्टाने पोलीस कोठडी दिली आणि मी दोन दिवस तिला उलटसुलट विचारलं. कोण वाचलं ते सांगितलं नाही. आपल्याला हवा तोच मेला का, हे कळेपर्यंत गुन्हेगाराला चैन पडत नाही, त्यात तो काहीतरी बोलून जातो. ती म्हणाली, "मैंने भी वही खाया था, दीदी," एवढंच. वाचलेला भाऊ इस्पितळात बेशुद्ध होता. विषाचा तपासणी अहवाल यायला महिने लागणार होते आणि तोवर तिचा मुक्काम तुरुंगात.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच कारखान्यात दगड वाहणारी एक बाई ठाण्याच्या नळावर मला गाठून हळूच म्हणाली, "दीदी, गड्ढे में से झाग आया था. दूध उफनता है ना, वैसा."

दगड कापतानाचं पाणी त्या खड्ड्यात जमायचं, गाळ खाली बसून दगडासारखा व्हायचा. तो सुटा करायला मालकाने जेवणाच्या सुट्टीत तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, ओतवलं होतं. मालक ते नाकारत नव्हता. "एक बोतल, मैडम. बाथरूम वाला. उससे कोई मरता है?" असं म्हणून त्याने पहिल्याच दिवशी रिकामी बाटली आणून दिली होती. मी मागितली नव्हती.

आर. के. पुरममध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये सायन्सचे एक मास्तर राहायचे. मी त्यांच्याकडे बाटली घेऊन गेले.

"अच्छा, म्हणजे तेजाब आणि संगमरवर," ते म्हणाले. "ताई, त्यातून गॅस निघतो. हवेपेक्षा जड, खड्ड्यात बसून राहतो. माणूस खाली वाकला की गेला."

"एका बाटलीत किती निघेल?"

"त्याचा पक्का हिशेब असतो. गॅस किती आहे, किती गरम आहे, त्यावर दाब किती आणि तो जागा किती घेतो. तीन गोष्टी सांगा, चौथी मी काढतो."

मला त्यांचाही संशय आला. हवा कोण मोजतं? तसं मी तोंडावर म्हटलं. त्यांनी बाटलीतलं उरलंसुरलं तेजाब चमचाभर घेतलं आणि कागदावर आकडेमोड केली. मग मिठाच्या पाण्याने भरलेली बरणी टबात उपडी धरली. गॅस पाण्यात विरघळू नये म्हणून मीठ. गॅस जिथवर येईल तिथे त्यांनी आधीच लाल दोरा बांधला. मार्बलच्या तुकड्यांवर तेजाब ओतलं, नळीतून बुडबुडे बरणीत चढू लागले आणि पाणी खाली सरकत दोऱ्यापाशी येऊन थांबलं. बोटभर फरक असेल.

"आता बाटलीभराचं सांगा. बादल्यांत सांगा."

"आठ बादल्या."

मी दोरीने खड्डा मोजून आले. मास्तरांनी हिशेब केला: जवळजवळ आठशे बादल्या. म्हणजे शंभरात एक भाग. त्याने डोकंसुद्धा दुखलं नसतं.

मी बरणी, टब आणि मास्तर, तिन्ही ठाण्यात नेले. ठाणेदार हसला. "हवालदारनी, अब हवा को हथकड़ी लगाओगी?" मालकही हसला. मास्तरांनी त्याच्यासमोर दोरा बांधला. पाणी दोऱ्यापाशी थांबलं तेव्हा मालक हसत नव्हता.

"सेठजी, बोतल से आठ बाल्टी निकलती है," मी म्हटलं. "गड्ढा आठ सौ का है. बाकी किसने भरा?"

त्याने बोटाने तो दोरा चाचपून पाहिला. मग म्हणाला, "दो कैन थे. पैंतीस-पैंतीस लीटर के. खुदाई में चार दिन जाते, मैडम."

मास्तरांनी तिथल्या तिथे सांगितलं, साडेपाचशे बादल्यांच्या वर. कॅन कारखान्यामागच्या भंगारात सापडले. थोरला आधी उतरून पडला होता, धाकटा त्याला काढायला उतरला, म्हणून दोघे पडले.

तेव्हापासून न मागता हातात दिलेला पुरावा मी आधी मोजून बघायची. त्या बाईवरचा माझा संशय चुकीचा होता, पण तो घेणं माझं काम होतं. कोण वाचलं ते तिला न सांगणं मात्र माझ्या मनाचं होतं, ते कोणी सांगितलं नव्हतं.

कोर्टाचा सुटकेचा कागद आला तशी मी कोठडी उघडली. तिने पुन्हा तेच विचारलं. या वेळी मी सांगितलं. वाचला तो तिचा दीर. नवरा मी तिला जीपमध्ये बसवलं तेव्हाच मेलेला होता.