क्रेसोंचा वाफा

शमें ग्रेनिए या आमच्या गावाच्या वरच्या चढणीवर आई उसाला लांग्रे घालायची. लांग्रे म्हणजे खत. आमच्या बेटावरच्या क्रेयोल बोलीतला हा शब्द आमच्या घरात मराठीच होता. कमरेला गोणी बांधून ती बुंध्याबुंध्याशी मूठभर पांढरे दाणे टाकी. तिची मूठ कधी चुकत नसे, हे सिरदार, म्हणजे मळ्यावरचा मुकादमही मान्य करी.

रिकामी पोती बायका नदीत खळखळून धुवायच्या आणि त्यांच्या चादरी नि परकर शिवायच्या. माझाही परकर पोत्याचाच. अंगाला टोचायचा, तरी मी त्यात मिरवायची.

नदीकडेला दगड रचून आईने क्रेसोंचा वाफा केला होता. क्रेसों ही पाण्यात वाढणारी तिखटसर पालेभाजी. बाकी सगळी जमीन मळेवाल्याची, एवढा वाफा तेवढा तिचा. शेजारणीला जुडी देताना तिचा तोरा बघण्यासारखा असे.

एके वर्षी मळेवाल्याने काठचे बांबू तोडून ऊस थेट पाण्याला भिडवला. त्या पावसाळ्यात क्रेसों असा माजला की खालचे पाणी दिसेना. "नदी पावली गो आपल्याला," आई म्हणाली.

पुढच्या वर्षी दगडांवर शेवाळ चढले. पाण्याला कुबट वास येऊ लागला, कोळंबी दिसेनाशी झाली, क्रेसोंची पाने पिवळी पडली. आईने नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळून टाकल्या. मी शाळेत जात होते, पण चढणीवरून पावसात नदीत वाहून येणाऱ्या लांग्रेचा आणि शेवाळाचा संबंध मलाही जोडता आला नाही. हे शहाणपण फार नंतरचे.

मग एका दुपारी ती कमरेच्या गोणीत मळ्यावरचे लांग्रे लपवून घेऊन आली. उसाचे एक कांडकेही कधी न उचललेली बाई.

"आय, सिरदारान बघितला तर?"

"बघू दे. त्याचा ऊस जगतो, तर माझा क्रेसों का नाय जगणार? धर गोनी."

मी धरली. ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि एकेका झुबक्यापाशी मूठ सोडत गेली, अगदी चढणीवर सोडायची तशीच. दाणे विरघळले. इतक्या वर्षांनी तिचा राग येत नाही, वाईट मात्र फार वाटते.

आठवड्याभरात शेवाळाने वाफा गिळला. आई काठावर बसली.

"लांग्रे कमी पडला काय गो?" तिने विचारले.

मी हो म्हटले.