शब्दांना गाव विचारणारे सर

आमच्या सरांना नवा माणूस भेटला की ते आधी त्याचं गाव विचारायचे. नवा इंग्रजी शब्द भेटला तरी तेच. "ह्यो कोणत्या गावचा?" पूर्णा गावात त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. 'गाव कोणतं सर' म्हटलं की रिक्षावाला थेट आमच्या वस्तीत, त्यांच्या ओट्यापाशी आणून सोडायचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्याच ओट्यावर ते पोरांना इंग्रजी शिकवत.

आपल्याकडे गाव विचारण्यात बहुतेकदा दुसराच प्रश्न दडलेला असतो. गावावरून आडनाव, आडनावावरून जात, आणि जातीवरून पाणी कोणत्या पेल्यात द्यायचं ते. सरांनी हा प्रश्न जात शोधणाऱ्यांच्या हातून हिसकावून घेतला होता. "माणूस किती लांबून आला ते कळावं म्हणून गाव इचारायचं," ते म्हणायचे. "लांबून आला आसंल तर आधी बसायला द्यायचं. आडनाव इचारायचंच न्हाई."

कधी कधी ते आम्हाला स्टेशनावर नेत. पुलावर उभे राहून हातातली छत्री एकेका वस्तूकडे रोखत. "प्लॅटफॉर्म? फ्रान्सचा. तिकीट? फ्रान्सचंच. सिग्नल लॅटिनवाल्यांचा. रेल्वेतली 'रेल' बी बाहेरून आली, 'वे' तेवढी घरची. समद्या बाहेरच्यांना हाकला. काय ऱ्हायलं? नुसती वाट. गाडी न्हाई." मग हसत विचारायचे, "आन् शाम्पू कुठला? आपल्याकडचा! डोकं चेपायला इथं शिकले आन् त्याच्या बाटल्या भरल्या."

इंग्लंडातही भाषेला सोवळं नेसवायला निघालेले लोक होते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. लॅटिन नको, फ्रेंच नको, जुन्या गावरान इंग्रजीतूनच सगळे शब्द घडवायचे, असा त्यांचा हट्ट. ऑम्निबसला, म्हणजे लॅटिन नावाच्या आजच्या बसला, 'फोकवेन' म्हणायचं, बाळाच्या ढकलगाडीला 'पुशवेनलिंग'. सर हा शब्द इतका तोंड भरून उच्चारायचे की पोरं हसून लोळायची. "लोकांनी ऐकलं, आन् बसमधी बसून निघून गेले," ते म्हणायचे.

मला मात्र हसू यायचं नाही. मी वडिलांच्या ट्रंकेतली दलित चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला पोरगा. गल्लोगल्ली उगवलेल्या इंग्रजी शाळा बघून माझं रक्त उसळायचं, आणि त्यांच्याविरुद्ध मीही पत्रकं लिहायचो. मी एकदा भांडलोच. "सर, इंग्रजी पसरली ती तोफांच्या जोरावर. ते का नाही सांगत?"

"तोफ बी तुर्कांची," सर म्हणाले. मग गंभीर झाले. "खरं हाय तुझं. राज्य तोफंनंच पसरलं. पण भाषा दार उघडं ठिवल्यानं वाढली. दोन्ही लिही पत्रकात. एकच नको लिहू."

मी एकच लिहिलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी पूर्णेत शुद्ध मराठीची वक्तृत्व स्पर्धा ठेवली. नियम माझा होता: परका शब्द आला की घंटी, आणि एक गुण वजा. घंटी माझ्या हातात. सर पहिल्या रांगेत.

गंगाखेडकडून मनीषा नावाची मुलगी आली होती. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली, कॉलेजात पोचलेली पहिलीच. ती आईवर बोलायला लागली. "आमी मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचो, म्हणून माझ्याकडं दाखला न्हवता." मी घंटी वाजवली, दाखला अरबी. "मायनं हेडमास्तराला..." घंटी. "...अर्ज दिला." घंटी. ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग मायचं कसं सांगू?" ती खाली उतरली आणि चप्पल हातात घेऊनच दाराबाहेर गेली.

सभागृह रिकामं झाल्यावर सर माझ्याजवळ आले. आवाज नेहमीसारखाच होता. "तुझ्या पणज्याच्या काठीला घुंगरं बांधलेले आसायचे. कशापायी?"

मला ठाऊक होतं. ट्रंकेतल्या पत्रकांत ते दहादा वाचलं होतं. "आवाज ऐकून लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. विटाळ होऊ नये म्हणून."

"मंग तू आज काय वाजवायलास?"

"सर, ते माणसांचं होतं. हे शब्दांचं आहे."

"खाली कोण उतरलं?" सरांनी विचारलं. "शब्द उतरला का पोरगी?"

दुसऱ्या दिवशी मी गंगाखेडची वाट धरली. मनीषा मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याजवळ कोकराला पाजत होती. आत मेंढरं दाटीनं उभी होती. मी माफी मागितली. भाषण पूर्ण ऐकायचंय म्हणालो.

"ऐकायला आलाव का मोजायला, दादा?" तिनं मानही वर न करता विचारलं. "तवाचं तवाच गेलं. आता न्हाई बोलत मी कुठं."

आल्यावर सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. "तिचा हक्क हाय त्यो," एवढंच म्हणाले, आणि पोरांच्या वह्या तपासायला लागले. त्या घंटीबद्दल ते पुन्हा कधीच बोलले नाहीत. मला वाटलं, विषय संपला.

यंदाच्या उन्हाळ्यात सर गेले. शोकसभेला मनीषा आईला घेऊन आली. बोलणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. ती उठून थेट माईकपाशी गेली.

"सर आमच्या मेंढरांच्या वाड्यावर चारदा आलते," ती म्हणाली. "मेंढरापाशी खाली बसायचे. मायला इचारायचे, ह्या कानाच्या मेंढीला काय म्हणतेव, त्या रंगाच्या कोकराला काय म्हणतेव. समदं लिहून घ्यायचे. एकदा मला म्हणले, तुझं ऱ्हायलेलं भाषण मला सांग. मी सांगितलं. त्या दिवशी हॉलातल्या बाकीच्यांनी मात्र ते ऐकलंच न्हाई. आज सांगते."

आणि तिनं पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. मेंढरं, दाखला, हेडमास्तर, अर्ज. तिची आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अजून सहा जण बोलायचे होते. सूत्रसंचालकानं 'कृपया आवरतं घ्यावं' अशी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली, तिला नेऊन द्यायला. मी चिठ्ठीची घडी घातली आणि तिच्यावर बसून राहिलो.