दहा नंबरवर लावलेलं बाइंडिंग

चेन्नईत मला सहा वर्षं झाली. ही पोस्टिंग कोणी दिली नाही, मीच मागून घेतली. सुभेदार म्हणून रिटायर झालो तेव्हा पुण्यात आणि साताऱ्यातही नोकरी मिळत होती. मी श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झालो. माझी बायको मंदा अजून विचारते, "अहो, ओळख ना पाळख, या भट्टीत कशाला आणलंत आम्हाला?" पगार बरा आहे, असं मी सांगतो. पण खरं कारण ते नव्हतं. एन्नोरला एका बाईंना भेटायचं होतं. त्यांच्या मुलाच्या मृत्यूबद्दल त्यांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. शहर गाठलं, पण एन्नोर गाठायला सहा वर्षं लागली.

निमित्त झालं बुटांचं. माझी मुलगी अश्विनी सव्वीस वर्षांची आहे, आयटीत आहे. दोन हिवाळे ती मैत्रिणींबरोबर गुलमर्गला जाऊन स्कीइंग शिकली. बाप फौजेत स्कीचा इन्स्ट्रक्टर होता, हे तिला फोटोंवरून माहीत. यंदा तिनं ठरवलं की भाड्याचं सामान पुरे, स्वतःचं घ्यायचं. टी. नगरात साडी मिळेल, सोनं मिळेल, स्कीचा बूट मिळणार नाही. त्यामुळे सगळं कुरियरनं आलं. बुटांचे चार जोड, हलका, जड आणि मधला दोन साइझमध्ये, आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारं साधन, बसवलेली स्कीची एक जोडी. बुटांपैकी एक ठेवायचा, तीन परत.

"पप्पा, तुम्ही निवडा," ती म्हणाली.

तिला दोन्ही प्रकार करायचे होते. एक रिसॉर्टचा. रोपवेच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. त्याला बूट टणक लागतो, टाच स्कीला घट्ट जखडलेली लागते. दुसरा टूरिंगचा. स्कीखाली कातड्यासारख्या पट्ट्या चिकटवायच्या आणि स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा. त्याला बूट हलका लागतो, घोटा वाकावा लागतो आणि पावलागणिक टाच उचलता यावी लागते. एका जोडीत दोन्ही मागणं म्हणजे दोन साहेबांची एकाच वेळी ड्यूटी करणं आहे. जमतं, पण दोघंही थोडे नाराज राहतात.

पहिल्या दिवशी ती संध्याकाळी ऑफिसच्या बसमधून उतरली आणि हॉलमध्येच बूट घालायला बसली. मधल्या जोडाचा मोठा साइझ तिला एकदम आरामशीर वाटला. मी म्हटलं, काढ. चेन्नईत दिवसभर चालून पाय सुजतात. त्या पायांवर घेतलेला बूट बर्फात बादलीसारखा होतो. रविवारी सकाळी सहाला तिला उठवलं. एसी अठरावर लावला, पाय उशीवर ठेवून अर्धा तास आडवी केली. मग बुटाचा आतला मऊ लायनर काढून नुसत्या कडक शेलमध्ये पाय घालायला लावला. बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे माझी बोटं घालून बघायचं. मोठ्या साइझमध्ये तीन बोटं गेली, लहानात दीड.

"पण हा चावतोय," ती म्हणाली.

"चावू दे. आठ दिवसांत लायनर बसेल. मोठा बूट कधी लहान होत नाही."

मंदा दारात उभी होती. "पोरीच्या पायाला पहाटे बर्फाची शिक्षा," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. अश्विनी हसली, मीही हसलो. घरात बऱ्याच दिवसांनी मी कामाचा वाटलो असेन.

सगळ्यात हलका जोड मी बाजूला केला. दिवसभर चढणाऱ्यांसाठी तो ठीक, रिसॉर्टच्या कडक उतारावर तो पायाला धरून ठेवत नाही. सगळ्यात जड जोडाचा घोटा वाकेना. उरला मधला. त्याच्या मागे एक खटका होता, वर केला की चालायला मोकळा, खाली केला की टणक. बाइंडिंगही तिनं शहाणपणानं घेतलं होतं. चढताना बूट पुढच्या दोन पिनांवर झुलतो, उतरताना पिना बाजूला सरतात आणि साधा जबडा बूट पकडतो. थोडं वजन जास्त, पण पडल्यावर सुटण्याची खात्री जास्त. बुटाचा तळवा त्या जबड्यात नीट बसतो का, ते कागद सरकवून बघितलं. बसत होता.

मग राहिला नंबर. बाइंडिंगवर एक छोटी खिडकी असते, तिच्यात आकडा दिसतो. स्क्रू फिरवला की स्प्रिंग घट्ट होते आणि आकडा वाढतो. माणूस पडला, पाय पिळला, की त्या आकड्याच्या जोरावर बूट सुटतो. आकडा माणसाचं वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि सराव बघून तक्त्यावरून काढायचा असतो. अश्विनी चोपन्न किलोची. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

"पप्पा, जरा घट्टच करा हं. मागच्या वर्षी माझी स्की निघून एकटीच खाली गेली. सगळे हसले. आठ-नऊ करून टाका, म्हणजे निघायलाच नको."

मी स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. तो उडून फ्रिजखाली गेला. काय बोललो ते आता आठवत नाही, पण मंदा स्वयंपाकघरातून धावत आली. मी बाल्कनीत गेलो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिलो. आमची बाल्कनी पाच पावलांची आहे.

पुढचे तीन दिवस मला बसवेना. कारखान्याच्या गेटवर ड्यूटी असताना मी सहाच्या सहा गेट पायी फिरलो. गार्ड एकमेकांकडे बघायला लागले. घरी जेवताना दोनदा ताटावरून उठलो. अश्विनी माझ्याशी बोलत नव्हती. तिचं काय चुकलं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं. ते असं.

पंधरा वर्षांपूर्वी मी हवालदार होतो. बारा हजार फुटांवरच्या एका चौकीवर आमची स्की पार्टी होती, वेगवेगळ्या पलटणींतून निवडलेली. रोज पाचला उठायचं, सहाला पीटी, आठला स्कीचा सराव. सामानाची जबाबदारी माझी. जवान मला उस्ताद म्हणायचे. पार्टीत लान्स नायक मुरुगन होता, एन्नोरच्या कोळीवाड्यातला. अठ्ठावन्न किलो, पार्टीत सगळ्यात हलका. समुद्रावर वाढलेल्या माणसानं बर्फ तीन महिन्यांत शिकून घेतला. वळण तो माझ्यापेक्षा चांगलं घ्यायचा, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

एकदा सरावात एका जवानाची स्की सुटली आणि नाल्यात गेली. पार्टी कमरेएवढ्या बर्फातून परतली, चार तास उशिरा. मेजर साहेब एवढंच म्हणाले, "हवालदार, अगली बार किसी की स्की निकली, तो जवाब तुम दोगे."

मी दुसऱ्याच दिवशी सगळी बाइंडिंग दहावर नेली. तक्ता पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. मी तो बघितला नाही. फौजेत ब्लँकेट एका मापाचं, मगसुद्धा एका मापाचा. बाइंडिंगलाही मी एकच माप लावलं. एक आकडा म्हणजे तपासायला सोपं, साहेबांना सांगायलाही सोपं.

लिंक पेट्रोलच्या, म्हणजे शेजारच्या चौकीच्या गस्तीला भेटून यायच्या फेरीच्या, आदल्या दुपारी मुरुगन स्टोअरमध्ये आला. हातात स्की.

"उस्ताद, थोडा ढीला कर दो. मेरा पैर नहीं निकलता."

"निकलना नहीं चाहिये, इसीलिये किया है."

"मैं हल्का हूँ, उस्ताद."

"सबका दस है. जाओ."

तो गेला. "जी उस्ताद" म्हणाला आणि गेला.

सकाळी साडेसातला आम्ही पाच जण निघालो. हवा स्वच्छ. दोन तास चढलो, मग टाचा जखडून एक उतार आडवा कापायचा होता. मधे पन्नास पावलांचं अंतर ठेवून एकेक. पहिले दोघे पार झाले. तिसरा मुरुगन, चौथा शिपाई जगताप, शेवटी मी. नऊ चाळीसला वरून दरवाजा आपटल्यासारखा आवाज आला. उतार तुटला. दोघेही त्यात गेले.

जगताप ब्याऐंशी किलोचा. त्याच्या वजनाला दहाचा आकडा झेपला. पहिल्याच कोलांटीत त्याच्या दोन्ही स्की सुटल्या. तो हातपाय मारत वर राहिला, गळपट्टीचं हाड मोडलं, वाचला. मुरुगन दिसत नव्हता.

रेडिओवर आमच्या गस्तीचं नाव अल्फा. मी चौकीला म्हणालो, "अल्फा, एव्हलांच. एक जवान बर्फ के नीचे. ओव्हर."

चौकीवरून उत्तर आलं, "अल्फा, लोकेट करो. टीम निकल रही है. ओव्हर."

बीकन घेऊन शोधलं. बर्फाखालच्या माणसाच्या अंगावरच्या यंत्राचा सिग्नल त्यावर येतो. दहा वाजून दोन मिनिटांनी तो सापडला, दीड मीटर खाली. आधी पाय लागले. दोन्ही स्की पायांत होत्या. सुटलेला माणूस तरंगतो, स्कीवाल्याला स्की नांगरासारख्या खाली ओढतात. हे मी स्वतः दरवर्षी वर्गात शिकवायचो. त्याची बाइंडिंग उघडायला मला पूर्ण अंगाचा भार द्यावा लागला. खिडकीत दहा दिसत होतं. मुरुगन गेला होता.

त्या दुपारी मी सगळ्यांची बाइंडिंग तक्त्याप्रमाणे ढिली केली. मुरुगनचीही केली. ती का केली, हे मी इतकी वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आलो. खरं हे की मी घाबरलो होतो. चौकशी झाली. कारण लिहिलं गेलं, हिमस्खलन. ते खोटं नव्हतं. स्क्रूबद्दल कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याची ट्रंक मीच भरली, तिच्यावर एन्नोरचा पत्ता मीच रंगवला.

अश्विनीनं फ्रिजखालून स्क्रूड्रायव्हर ओढून काढला. मग म्हणाली, "माझं किती येतं तक्त्यावर?"

"पाच."

"पाच करा. आणि रविवारी आपण एन्नोरला जाऊ. तमिळ मी बोलेन."

रविवारी आम्ही लोकल गाडीनं एन्नोरला उतरलो. पुढे शेअर ऑटो. विजेच्या कारखान्याच्या चिमण्या, राखेचा वास, खाडीवर होड्या. दोनदा मी अश्विनीला म्हटलं, परत जाऊ. तिनं ऐकलं नाही. तिसऱ्या गल्लीत नुसतं "फौजवाल्या मुरुगनचं घर" म्हटल्यावर एका बाईनं हात केला.

त्याची आई सत्तरीची असेल. ओट्यावर वाळत घातलेली मासळी उलटत होती. "वांगा, वांगा," म्हणजे या, या, म्हणत तिनं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पुसल्या. भिंतीवर मुरुगनचा गणवेशातला फोटो. मी फोटोला सॅल्यूट केला आणि बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. एक वाक्य मी मराठीत बोलायचो, अश्विनी ते तमिळमध्ये म्हणायची. दहा नंबर. तो ढिलं करायला आला होता. मी नाही म्हणालो. माझ्या मुलीच्या तोंडून माझाच गुन्हा मला ऐकू येत होता, कळत नसलेल्या भाषेत. "मी घाबरलो म्हणून नंतर आकडा बदलला" या वाक्यावर ती अडखळली. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जसंच्या तसं सांग."

तिनं सांगितलं.

म्हातारी ओरडली नाही. तिनं पदरानं हात पुसले. मग अश्विनीला एक प्रश्न विचारला. अश्विनीचे डोळे भरले.

"काय म्हणाल्या?"

"त्या विचारतायत, तो आदल्या दिवशीच म्हणाला होता का, ढिलं करा म्हणून?"

"हो."

"त्या म्हणतायत, म्हणजे त्याला समजलं होतं."

"हो अम्मा. त्याला समजलं होतं. मला नाही."

हे अश्विनीनं सांगितलं तशी म्हातारी पहिल्यांदा रडली. मोठ्यानं नाही. तिचं बोलणं अश्विनीनं मला सांगितलं, इतकी वर्षं गल्लीत लोक म्हणायचे की समुद्रावरचं पोर, त्याला बर्फातलं काय कळणार, म्हणून गेला. ती ते ऐकून घेत आली होती. तिनं मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. ती तसं बोलली नाही, मी मागितलं नाही. तिनं शेजारणींना हाका मारल्या. चार-पाच बाया ओट्याशी जमल्या. मग ती माझ्याकडे बोट दाखवून अश्विनीला काहीतरी म्हणाली.

"पप्पा, त्या म्हणतायत, पुन्हा सांगा. ह्यांच्यासमोर."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी अटेन्शनमध्ये उभा राहून, पहिल्यापासून. लान्स नायक मुरुगन, एन्नोर. उत्तम स्कीअर, माझ्यापेक्षा चांगला. आपलं बाइंडिंग चुकीचं लावलंय, हे त्यानं ओळखलं होतं आणि वेळेत सांगितलं होतं. चूक त्याची नव्हती, माझी होती.