बटणं नसलेले बारा शर्ट

आमच्या चर्चमधून सहा कुटुंबं सेवेसाठी परदेशी जायची ठरली. परदेश म्हणजे नेपाळ, ज्याला पासपोर्टसुद्धा लागत नाही. पण नायगावच्या आमच्या मजल्यावर मी आठवडाभर ‘फॉरेन ट्रिप आहे’ असंच सांगत फिरलो. डोंगरातल्या एका छोट्या चर्चच्या मंडळीबरोबर आठ दिवस राहायचं, त्यांच्या शाळेच्या भिंती रंगवायच्या आणि इथून गोळा केलेले कपडे वाटायचे, असा बेत होता.

आमच्या वाट्याचे कपडे मी बांधले. टीव्हीवर मॅच चालू होती. समोर माझे जुने बारा शर्ट, हातात कात्री. आमच्या आईची शिस्त अशी की जुना शर्ट घराबाहेर काढायचा तर आधी बटणं कापून डब्यात टाकायची. तिचे शर्ट फडकी व्हायला जायचे, हे कोणी माणूस अंगात घालणार होता, एवढा फरक माझ्या डोक्यात शिरला नाही. षटकामागून षटक, शर्टामागून शर्ट, मी कापत राहिलो. दादरला चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या पिशव्या एकाच पोत्यात ओतल्या गेल्या.

त्या गावात रविवारच्या उपासनेला एक म्हातारेबाबा आले. अंगात माझा निळा चौकड्यांचा शर्ट. एका हातानं गळ्याशी तो घट्ट आवळून धरलेला, दुसरा हात छातीवर ठेवून प्रत्येकाला म्हणत होते, “जय मसीह.” माझ्यासमोरही आले. हसले. मीही हसलो, आणि खाली बघितलं.

मग बाकीचे अकरा शर्ट सापडले. आमच्या चर्चचे पाळकसाहेब भडकले. “अरे, बटणं कापून दान? कोण आहेत हे लोक?”

कोणीतरी म्हणालं, “काळाचौकीच्या आजींचं काम. नाताळच्या मेणबत्त्यांची थोटकंसुद्धा घरी नेतात त्या.”

आजी आमच्या मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. त्या सोबत आल्या नव्हत्या, पण त्यांनीही एक पिशवी दिली होती. त्या क्षणी मला फक्त ‘मी’ एवढंच म्हणायचं होतं. पण मी पडलो ग्रुपमधला विनोदी माणूस. तोंडातून आलं, “आजींचं बरोबर आहे. या वर्षी शर्ट, पुढच्या वर्षी बटणं!”

सगळे खो-खो हसले. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की पुढचे चार दिवस मी मुकाट्यानं भिंती रंगवल्या. तिसऱ्या दिवशी बाबा दिसले तेव्हा शर्टाला बटणं होती. पाचही वेगवेगळी. त्यांच्या सुनेनं स्वतःच्या कपड्यांची काढून लावली होती म्हणे.

माझा विनोद आमच्या आधी व्हॉट्सॅपवरून दादरला पोचला. उपासनेनंतरच्या चहाला एक बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आजी, साखर राहू दिलीत ना चहात, की काढून ठेवलीत?” आजींनी कप तसाच टेबलावर ठेवला. वर्षानुवर्षं पहिल्या बाकावर बसणाऱ्या त्या, पुढच्या रविवारी दाराशेजारच्या शेवटच्या बाकावर दिसल्या.

“अहो,” घरी आल्यावर बायको म्हणाली, “त्या यायच्या बंद झाल्या ना, तर मीपण येणार नाही तुमच्याबरोबर.”

साक्ष द्यायच्या रविवारी, म्हणजे प्रवासात देवानं काय दाखवलं ते मंडळीला सांगायच्या दिवशी, मी उभा राहिलो. “ती बटणं आजींनी नाही, मी कापली,” म्हणालो.

हॉलमध्ये हशा. मी पुन्हा सांगितलं. कात्री, मॅच, आईचा डबा, सगळं. हशा वाढला. पाळकसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “दुसऱ्याची चूक हसत हसत अंगावर घेणं, हीच खरी साक्ष!” टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या, आणि मी पार बावळटासारखा उभा.

आजींना बाहेर पायऱ्यांवर गाठलं. त्यांचे डोळे भरलेले होते.

“सलाम, बाळा,” त्या मंडळीच्या रीतीनं म्हणाल्या. “माझ्यासाठी खोटं बोललास रे.”

“आजी, खोटं नाही ते. मीच कापली. हिला विचारा.”

बायकोनं मान हलवली. आजींनी पदरानं डोळे पुसले.

“आणि ते, पुढच्या वर्षी बटणं... ते?”

“तेही मीच म्हणालो.”

“मग तिथंच का नाही सांगितलंस? तिथं तर मी नव्हते, माझ्या बाजूनं बोलायला कोणीच नव्हतं.”

पायऱ्या उतरायला मदत म्हणून मी हात पुढे केला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या.