परतीच्या वाटेची भाकर

इथं पुण्यात शेजारी कुणी जवस भाजलं, की मी साठ सालच्या आसपासच्या यवतमाळच्या त्या कॉलेजच्या ओट्यावर जाऊन बसते.

माझी शाळा चौथीतच सुटली. भाऊ मात्र फुलसावंगीच्या आमच्या लमाण तांड्यातला पहिलाच कॉलेजात गेलेला. त्याला घरी न्यायला बापानं मला धाडलं होतं. फडक्यात दोघांच्या वाटेपुरती भाकर आणि जवसाची चटणी होती.

"काहून नेता त्याले?" त्याच्या सरांनी विचारलं.

"डबा खातानी त्याच्याजवळ कोणी बसत नाही जी."

सरांचा चेहरा उतरला. धोतर सावरून ते माझ्यासमोर खालीच बसले. "ताई, मले वाढा."

मी फडक्याची गाठ तशीच धरून राहिले. कॉलेजातला मास्तर, अन् लमाणाची भाकर? व्हरांड्यातली पोरं उभी राहून बघत होती.

"उभे काहून? डबे आणा, याच्याजवळ बसा," सर भावाकडे बोट करून त्यांना म्हणाले. "आता मीबी रोज इथंच जेवीन."

मी वाढलं; सर, भाऊ, पोरं सगळ्यांनी खाल्लं अन् फडकं रिकामं झालं. भाऊ तिथंच राहिला. बाप काय म्हणेल या धास्तीत मी उपाशीच, एकटी फुलसावंगीला परतले.

"पोरगं कुठं हाय?" बापानं विचारलं.

"त्याच्या सरानं आपली भाकर खाल्ली, बा."

बापानं ते रिकामं फडकं हातात घेतलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही.