आधी जागा बघणारी

आमच्या समोरची बाई घरी बसून कॉम्प्युटरचं काम करते. सकाळी पडद्याला विचारते, "शे का रे जागा, आहे का?" मी म्हटलं, "कोणाशी बोलतेस ग?" डोळे चोळत म्हणाली, "आबा, कंपनीचं काम लांबच्या मोठ्या कॉम्प्युटरांवर भाड्याने चालतं. तिथे जागा शिल्लक आहे का ते आधी बघावं लागतं."

परवा तिचा साहेब फोनवर ओरडत होता. गिऱ्हाईकाला शब्द दिलाय, आजच चालू कर म्हणे. ती थकल्या आवाजात तेच तेच सांगत राहिली, "जागा नाही, सर. मी खोटं हो म्हणणार नाही." फोन ठेवून मला म्हणाली, "नोकरी गेली समजा, आबा."

मी चौथी शिकलेला, तिला काय धीर देणार? आमच्याकडे ट्रक पक्का झाल्याशिवाय केळी कापत नाहीत. एका वर्षी मी तोऱ्यात आधीच कापली, ट्रक आलाच नाही, बठ्ठा, सगळाच माल बांधावर काळा पडला. घरात बायकोसमोर, म्हणजे हिच्या अक्कासमोर, मात्र आजवर ट्रकवाल्यालाच शिव्या देत आलो. हे मी पहिल्यांदा कोणाला सांगितलं.

ती हसली नाही. म्हणाली, "आणि अक्काला कधी सांगणार?"