चार म्हशी बसतात अशी बॉडी

दोष मोठेबाबांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकता ऐकता तुम्ही माझ्याकडे बघून हसणार आणि खरा गुन्हेगार पानठेल्यावर आरामात सुपारी कातरत बसणार!

मोठेबाबा म्हणजे माझ्या बापाचा मोठा भाऊ. जिल्ह्यात तुम्हाला काहीही लागू द्या, यांच्या ‘ओळखीचा माणूस’ तयार. दवाखान्यात ओळखीचा, तहसीलात ओळखीचा. त्या ओळखीनं एखादं काम झालेलं मी अजून पाहिलं नाही, पण ओळख मात्र पक्की!

आता काय झालं, ते ऐका. मी इंजिनीअरिंग अर्ध्यात सोडलं. तिथं इंजिन फळ्यावर काढायचे आणि फडक्यानं पुसायचे. शिकवणाऱ्या सरांनी जन्मात एकदा तरी बोनट उघडलं असेल का? मला नाही वाटत. घरी आलो आणि भंडाऱ्यात एका म्हाताऱ्या ठेकेदाराच्या अंगणात सडत पडलेली अँबेसेडर ओढून आणली. डिझेल इंजिन. खोललं, घासलं, जोडलं आणि एका दुपारी ते धडधडत सुरू झालं! शेजारच्या कोंबड्या पळाल्या. मी आयुष्यात पूर्ण केलेली ती पहिली गोष्ट.

बाकी गाडीचं मात्र विचारू नका. दार लावायला गेलं की दार हातात. आत बसलं की खालची जमीन दिसायची. त्या गाडीला ब्रेक कशाला पाहिजे? पाय खाली सोडले की झालं!

बापानं दम दिला, "धान घरी यायच्या आदी पोते ठेवाले हे शेड खाली पाहिजे. गाडी आपल्या पायानं निघाली तं ठीक, नाही तं भंगारवाला काढन."

म्हणजे काहीही करून बॉडी मिळवणं आलं. आणि आपले पार्टवाले? देवमाणसं! नागपूरच्या एकानं दोन दारं पाठवली, दोन्ही डावी. फोन केला तर म्हणतो, "भाऊ, एक उलटं करून लावा ना!" दिल्लीच्या एकानं बोनटचा फोटो पाठवला, इतका देखणा की फ्रेम करून भिंतीवर लावावा. बोनट काही आलं नाही. तो माणूस आता फक्त दिवाळी-दसऱ्याला शुभेच्छा पाठवतो.

मी घरभर कावळ्यासारखा ओरडत फिरायचो, "बॉडी पाहिजे! एक चांगली बॉडी भेटली पाहिजे, बस!"

एका सकाळी मोठेबाबा ओसरीवर येऊन बसले.

"का गा, तुले बोडी पाहिजे म्हणते?"

"बोडी नाही, मोठेबाबा. बॉडी. बॉ-डी!"

"तेच तं म्हणून राहिलो. मोहाडीकडं डोमाजीची हाय. खालीच पडून हाय. विश्वासाचा माणूस, माह्या ओळखीचा."

आता हा म्हातारा ब्लडप्रेशरला ‘बिलाडपेसर’ म्हणतो आणि कॉलेजला ‘कालिज’. त्यामुळे त्याचं बोलणं मनातल्या मनात दुरुस्त करून ऐकायची मला सवय. केली दुरुस्ती आणि लावला फोन.

"डोमाजीकाका, बॉडी कशी आहे जी?"

"बोडी? एक नंबर! माह्या बापाच्या काळची हाय."

"गळते का?"

"एका कोपऱ्यात पाझरते थोडी. मागच्या साली फुटली होती, माती दाबून बुजवली. आता टकाटक!"

माती म्हणजे पुट्टी, मी समजून घेतलं. खेड्यातला माणूस, त्याला काय शब्द माहीत असणार? बघा, किती समजूतदार मी!

"रंग कोणता?"

"जराशी हिरवी पडली."

हिरवी! मला हिरवीच पाहिजे होती.

"आतून कशी आहे?"

"गाळ हाय, काढून घेजो. अन् म्हशी बसतेत."

"म्हशी? आतमंदी?"

"चार-चार बसतेत ना! खोटं कायले सांगू?"

तुम्ही असता तर इथं थांबला असता ना? मी नाही थांबलो. मी म्हटलं, वा रे पत्रा! चार म्हशी बसूनही दबला नाही! जुनं लोखंड ते जुनं लोखंड!

"बदल्यात काय पाहिजे, काका?"

"तुह्यापाशी डिझेलचं इंजिन हाय म्हणते. थे दे. लवकर सांग बाप्पा, मच्छीवाली सोसायटी बी मांगून राहिली."

मच्छीवाल्या सोसायटीला अँबेसेडरची बॉडी कशाला लागते, हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. पडला नाही. मी हिशेब केला, इंजिन काय, दुसरं मिळेल आणि मिळालं की मी जोडीन. अशी बॉडी पुन्हा मिळायची नाही. हो म्हणून टाकलं.

डोमाजीकाका स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. मी इंजिन पुसून दिलं. लेकीला सासरी पाठवावं तसा उभा होतो. मोठेबाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोरगं सुधरलं आमचं!" म्हाताऱ्यानं माझं कौतुक केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. छाती फुगली!

दुसऱ्या दिवशी मी पिकअप घेऊन पोचलो. सोबत दोर, साखळ्या, गॅस कटर आणि माझा मित्र पंक्या. डोमाजीकाकांनी आम्हाला धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून चालवत नेलं आणि हात पुढे केला.

"पाह्य. हे तुही बोडी."

समोर हिरवं पाणी. पाण्यात चार म्हशी, निवांत.

बोडी! आमच्या झाडीपट्टीत शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. आणि हे मला माहीत नव्हतं का? मी पोहायला शिकलो बोडीत!

पंक्या खांद्यावर कटर घेऊन काठावर उभा. "सांग बे, कुठून कापू?"

डोमाजीकाकांनी पिकअपकडे पाहिलं. "हे साखळ्या कायले आणल्या गा? मासोळ्या जाळ्यानं धरतेत."

"काका, मला गाडीची बॉडी पाहिजे होती!"

"गाडीची? मले तं तुह्या मोठेबाबानं सांगतलं, पोरगं मासोळ्या टाकते. एक साल मासोळी तुही, पाणी माहं."

"मंग माझं इंजिन द्या परत."

"थे पाह्य."

बोडीच्या पाळीवर, काठाच्या बांधावर, माझं इंजिन चालू होतं. पट्टा बसवलेला, पंप जोडलेला, पाणी धानाच्या बांधीत धो धो पडत होतं. आवाज इतका गोड की माझ्या शेडमध्येही कधी तसा नव्हता. हरामखोर!

"पावसानं दगा देल्ला," डोमाजीकाका म्हणाले, "अन् धान निसवून राहिला, लोंब्या फुटून राहिल्या. आता पाणी तुटलं तं सारा पोचट जाते. खोलतं तं खोल तू, मी नाही म्हणत नाही."

पाना माझ्या खिशातच होता. पण मीही धानवाल्याच्याच घरचा. हात उचलला नाही.

घरी आलो आणि मोठेबाबांवर तुटून पडलो. म्हातारा शांत.

"मी तं बोडीच म्हणलो. तूच घरभर बोडी बोडी करत फिरे. मले वाटलं, अक्कल आली पोराले. गाडीच्याले तं पत्रा म्हणते ना बे!"

सबंध आयुष्यात म्हातारा एकदाच एक शब्द बरोबर बोलला आणि नेमका तोच मी सुधारून ऐकला.

बोडी सालभर माझी आहे. मी मासे खात नाही. इंजिन डोमाजीकाकांकडेच राहिलं आणि धान घरी यायच्या आधी भंगारवाला गाडी घेऊन गेला.